लंडन ते सिडनी : विमानाचे अंतर किती, वेळ किती?

लंडनच्या हिथ्रो विमानतळापासून सिडनीच्या किंग्जफर्ड स्मिथ विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १७,०२० किलोमीटर आहे. मैलांत सांगायचे तर साधारण १०,५७० मैल, आणि वैमानिक ज्यात हिशेब करतात त्या सागरी मैलांत जवळपास ९,१९० सागरी मैल. पृथ्वीच्या पाठीवरील कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून जास्तीत जास्त सुमारे २०,००० किलोमीटर दूर असू शकतात, कारण तेवढाच पृथ्वीचा अर्धा परीघ. त्यामुळे लंडन आणि सिडनी ही दोन शहरे, माणसाला पृथ्वीवर एकमेकांपासून जितके दूर जाता येईल त्याच्या पंच्याऐंशी टक्के दूर आहेत.

अंतराचा प्रश्न येथे मिटतो. वेळेचा मात्र मिटत नाही. हाच प्रवास १९१९ मध्ये चार आठवड्यांचा होता, १९४७ मध्ये चार दिवसांचा, आणि आज एका थांब्यासह तो साधारण २२ ते २५ तासांत होतो. तीच दोन विमानतळे, तेच विमान आणि तोच मार्ग असला तरी जाण्याला आणि येण्याला लागणारा वेळ सारखा नसतो. संगणकावर दोन शहरांची नावे टाकली की अंतर आणि वेळ असे दोन आकडे शेजारी शेजारी उमटतात. त्यांतील पहिल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, दुसऱ्यावर ठेवू नये. असे का, हे समजून घेण्यासाठी लंडन-सिडनीइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही.

नकाशावरची रेघ फसवते

शाळेच्या भिंतीवर असणाऱ्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून लंडन आणि सिडनी यांना जोडणारी सरळ रेघ काढली, तर ती तुर्कस्तान, सौदी अरेबिया ओलांडून अरबी समुद्रावर येते, केरळच्या उत्तर भागाजवळून जाते आणि पुढे हिंदी महासागरावरून ऑस्ट्रेलियात शिरते. आपल्याला ही रेघ पटते, कारण ती आपल्या दारावरून जाते. परंतु गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना नकाशाकाराला तडजोड करावी लागते, आणि त्या तडजोडीत सरळ दिसणारी रेघ ही प्रत्यक्षात सर्वांत जवळची वाट राहत नाही. या रेघेने गेल्यास सुमारे सातशे किलोमीटर अधिक तोडावे लागतील.

खरी जवळची वाट पाहायची असेल तर घरातला पृथ्वीगोल घ्यावा आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरावा. दोरा ईशान्येकडे झुकतो. तो बाल्टिक समुद्रावरून रिगा शहराजवळून रशियात शिरतो, मॉस्कोच्या थोडा उत्तरेने जातो, उरल पर्वत आणि कझाकस्तानची राजधानी अस्ताना यांच्या परिसरातून पश्चिम चीनच्या वाळवंटी प्रदेशात येतो. मग दक्षिण चीन, फिलिपीन्सचा पश्चिम भाग आणि इंडोनेशियाची पूर्वेकडील बेटे ओलांडून तो ऑस्ट्रेलियावर उतरतो. या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. विमान अंतराचे जे आकडे छापले जातात ते या वाटेचे असतात.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. लंडनहून सिंगापूर सुमारे १०,८८० किलोमीटर आणि सिंगापूरहून सिडनी सुमारे ६,३०० किलोमीटर. दोन्हींची बेरीज १७,१८० होते. म्हणजे सिंगापूरला थांबल्याने वाट जेमतेम एक टक्क्याने लांबते. दुबईमार्गे हेच अंतर साधारण १७,५४० किलोमीटर भरते, पर्थमार्गे १७,७८० च्या आसपास. मुंबईमार्गे हिशेब केला तर तो सुमारे १७,३७० किलोमीटर येतो, म्हणजे दुबई आणि पर्थ या दोघांपेक्षाही कमी! भूगोलाने मुंबईला दिलेली ही जागा आहे. तिचा उपयोग सिंगापूर आणि दुबईने आपल्यापेक्षा कितीतरी अधिक केला, ही गोष्ट वेगळी.

आकाशालाही कुंपण असते

मॉस्कोवरून जाणारी ती जवळची वाट कागदावर कितीही चांगली असली तरी ती मोकळी असावी लागते. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाचे आकाश पाश्चात्त्य विमानांना बहुतांशी बंद होते. नव्वदच्या दशकात ते खुले झाले आणि युरोपातून पूर्व आशियात जाणाऱ्या विमानांचे कित्येक तास वाचू लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर ब्रिटनने रशियन विमानांना आणि रशियाने ब्रिटिश विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. युरोपीय संघानेही तेच केले. याचा सर्वांत मोठा फटका फिनलंडला बसला. हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. दोन शहरांमधील अंतर एक मीटरनेही वाढले नव्हते.

ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर असाच प्रसंग एप्रिल २०२४ मध्ये आला. क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीचे पर्थ-लंडन विमान न थांबता जात असे. पश्चिम आशियात तणाव वाढल्याने इराणचे आकाश टाळण्याचे ठरले, वाट लांबली आणि पर्थहून निघणाऱ्या विमानाला इंधनासाठी सिंगापूरला उतरावे लागले. मात्र लंडनहून पर्थला येणारे विमान त्या दिवसांतही न थांबता येत राहिले. विमान तेच, टाळायचा प्रदेशही तोच. तरी एका दिशेने इंधन पुरत होते आणि दुसऱ्या दिशेने पुरत नव्हते.

आपल्याकडील वाचकांना याचा अनुभव नवा नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागला होता.

पाठीशी वारा, समोर वारा

एकाच दिशेने इंधन का पुरले, याचे उत्तर वाऱ्यात आहे. प्रवासी विमाने साधारण दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून उडतात. या उंचीवर दोन्ही गोलार्धांच्या मध्यम अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर ते दोनशे किलोमीटर असणे नेहमीचे आहे आणि हिवाळ्यात तो याहूनही बराच वाढतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला हे वारे ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतात.

हिशेब सोपा आहे. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर १७,००० किलोमीटरला, वारा अजिबात नसताना, सुमारे १९ तास लागतील. संपूर्ण वाटेवर सरासरी ४० किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला तर हा वेळ १८ तासांवर येतो आणि तेवढाच वारा समोरून आला तर १९ तास ४५ मिनिटांपर्यंत जातो. सरासरी ४० किलोमीटर म्हणजे फार नव्हे, तरीही पावणेदोन तासांचा फरक पडला. म्हणूनच विमान नियोजक रोज हवामानाचे अंदाज पाहून मार्ग नव्याने आखतात. कधी कधी पाचशे किलोमीटर लांबची वाट वाऱ्यामुळे वेळेच्या हिशेबात जवळची ठरते. परिणामी विमानाने प्रत्यक्ष कापलेले अंतर आणि पुस्तकातले अंतर क्वचितच जुळते.

अठ्ठावीस दिवसांपासून एकोणीस तासांपर्यंत

ही वाट सर्वप्रथम विमानाने पार करणाऱ्यांची नावे रॉस स्मिथ आणि कीथ स्मिथ. पहिले महायुद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला तीस दिवसांच्या आत विमानाने पोहोचणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांसाठी दहा हजार पौंडांचे बक्षीस लावले होते. हे दोघे भाऊ आणि त्यांचे दोन यंत्रज्ञ १२ नोव्हेंबर १९१९ रोजी आजच्या हिथ्रोजवळच्या हाउन्स्लो येथून व्हिकर्स व्हिमी या उघड्या बैठकीच्या बॉम्बफेकी विमानातून निघाले. कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असे मुक्काम करीत ते १० डिसेंबरला डार्विनला उतरले. २८ दिवसांना काही तास कमी होते. त्यांतील प्रत्यक्ष उड्डाणाचा वेळ सुमारे १३५ तास होता, बाकीचा सगळा वेळ दुरुस्ती, इंधन, चिखल आणि झोप यांत गेला. आणि हे डार्विन होते. सिडनी तेथून आणखी तीन हजार किलोमीटर दूर.

१९३५ मध्ये ब्रिटनची इंपीरियल एअरवेज आणि क्वांटास यांनी मिळून लंडन-ब्रिस्बेन प्रवासी सेवा सुरू केली. साडेबारा दिवस लागत. बोटीला त्या काळी पाच-सहा आठवडे लागत असल्याने हा वेग अद्भुतच होता. मात्र प्रवासी रात्री विमानात झोपत नसत. दिवसा उडायचे आणि रात्री जमिनीवर हॉटेलात उतरायचे, असा शिरस्ता होता.

दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ही वाट तुटली. ती जोडण्यासाठी १९४३ पासून क्वांटासने पर्थहून सिलोनच्या कोग्गला सरोवरापर्यंत कॅटालिना या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची गुप्त सेवा चालवली. हिंदी महासागरावरील सुमारे ५,६५० किलोमीटरचा हा टप्पा विमाने जपानी टेहळणी चुकवत, रेडिओ बंद ठेवून आणि ताऱ्यांच्या आधाराने दिशा ठरवत पार करीत. वजन इतके काटेकोर की प्रवासी फक्त तीन. उड्डाणाला २७ ते ३३ तास लागत. प्रवासी एकाच उड्डाणात दोन सूर्योदय पाहत, म्हणून या सेवेला ‘डबल सनराइज’ हे नाव पडले. हवेत राहण्याच्या वेळाच्या दृष्टीने नियमित प्रवासी सेवेत यापेक्षा लांब उड्डाणे नंतर झालेली नाहीत. आजच्या अतिदीर्घ उड्डाणांच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

युद्धानंतर १ डिसेंबर १९४७ रोजी सिडनीहून लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान २९ प्रवासी आणि ११ कर्मचारी घेऊन लंडनला निघाले. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो आणि त्रिपोली असे थांबे घेत ते चौथ्या दिवशी पोहोचले. उड्डाणाचे तास ५५ होते. परतीच्या तिकिटासह भाडे ५८५ पौंड, म्हणजे साध्या नोकरदाराच्या पूर्णपणे आवाक्याबाहेरचे. उड्या मारत जाणाऱ्या या मार्गाला ‘कांगारू रूट’ असे नाव मिळाले आणि ते आजही रूढ आहे. पुढे जेट विमाने आली, एकेक थांबा गळत गेला, आणि अखेर एक थांबा तेवढा उरला.

तो शेवटचा थांबा गाळता येतो हे ऑगस्ट १९८९ मध्ये सिद्ध झाले. क्वांटासचे नवे कोरे बोइंग ७४७-४०० लंडनहून सिडनीला २० तास ९ मिनिटांत न थांबता पोहोचले. परंतु त्यात प्रवासी व कर्मचारी मिळून अवघी तेवीस माणसे होती, मालाचा बोजा नव्हता, अधिक घनतेचे खास इंधन भरले होते आणि इंधन वाचावे म्हणून विमान धावपट्टीपर्यंत ओढून नेले होते. जे शक्य आहे ते परवडतेच असे नाही, हे या उड्डाणाने त्याच वेळी दाखवून दिले. ते विमान आता सिडनीच्या दक्षिणेला असलेल्या एका विमान संग्रहालयात आहे.

मार्च २०१८ मध्ये क्वांटासने बोइंग ७८७-९ विमानाने पर्थ-लंडन ही सुमारे १४,५०० किलोमीटरची विनाथांबा सेवा सुरू केली. तिला साधारण १७ तास लागतात. नियमित सेवेने ऑस्ट्रेलिया आणि युरोप एका उडीत जोडले जाण्याची ही पहिलीच वेळ. नोव्हेंबर २०१९ मध्ये याच जातीचे विमान प्रयोग म्हणून लंडनहून सिडनीला १९ तास १९ मिनिटांत आले. त्यात सुमारे पन्नास माणसे होती आणि त्यांच्या झोपेचा, आहाराचा, दिव्यांच्या उजेडाच्या परिणामांचा अभ्यास केला गेला.

इंधन वाहण्यासाठी इंधन

तीस वर्षांत दोनदा सिद्ध झालेली गोष्ट अजून रोजची का झाली नाही? कारण इंधनाला वजन असते आणि ते वजन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन लागते. ढोबळ हिशेबाने विमानात नेलेल्या जादा वजनाच्या तीन ते चार टक्के इतके इंधन दर तासाला केवळ ते वजन वाहण्यात जळते. वीस तासांच्या उड्डाणात, शेवटच्या तासासाठी बरोबर घेतलेल्या इंधनाचे हे ओझे फारच महाग पडते. मध्ये उतरून इंधन भरले तर विमान दोन्ही टप्प्यांत हलके राहते. त्यामुळे सर्वांत लांब उड्डाणांत ‘न थांबता जाणे’ म्हणजे ‘कमी इंधनात जाणे’ असे समीकरण मांडता येत नाही. वाचतो तो वेळ, आणि त्याची किंमत तिकिटात येते.

क्वांटासने मे २०२२ मध्ये सिडनीहून लंडन आणि न्यूयॉर्कला थेट जाण्यासाठी एअरबसची बारा ए३५०-१००० विमाने मागवली. युद्धकाळातील त्या सेवेच्या स्मरणार्थ या योजनेला ‘प्रोजेक्ट सनराइज’ असे नाव आहे. या विमानांत २०,००० लिटरची जादा टाकी बसवायची आहे. एवढ्या इंधनाचे वजन सुमारे १६ टन, म्हणजे सामानासह जवळपास १६० प्रवाशांचा भार. म्हणूनच एरवी तीनशेहून अधिक आसने मावणाऱ्या या विमानात फक्त २३८ आसने असतील. विमाने मिळण्यास विलंब होत गेल्याने, सेवा २०२७ मध्ये सुरू करण्याचे नियोजन कंपनीने जाहीर केले होते. तोपर्यंत जगातील सर्वांत लांब विनाथांबा नियमित उड्डाणाचा मान सिंगापूर-न्यूयॉर्क मार्गाकडे आहे. ते अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर असून प्रवासाला १९ तासांच्या आसपास लागतात.

शरीराचा हिशेब

यंत्राला जमले तरी माणसाला जमायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तास किंवा त्याहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात हे प्रमाण तरीही सहा हजारांत एक इतकेच आहे, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. परंतु वय झालेल्यांनी, स्थूल व्यक्तींनी, अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा पूर्वी असा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढावे. दर तास-दीड तासाने उठून चालणे, घोटे हलवणे आणि पाणी पिणे हे उपाय साधे असले तरी खरे आहेत. मधल्या थांब्यावर दोन तास चालायला मिळणे हा काहींच्या बाबतीत वेळेचा अपव्यय नसून फायदाच असतो. मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी तिकीट निवडताना केवळ ‘कमीत कमी तास’ पाहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

शरीरातील घड्याळाला नव्या ठिकाणच्या वेळेशी जुळायला, ढोबळमानाने, दर तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे गेल्यास हा त्रास अधिक जाणवतो. म्हणजे पाठीशी वारा असलेला लंडन-सिडनी प्रवास तासांनी लहान असूनही झोपेला जड जातो.

तिकिटावरच्या वेळा कशा वाचाव्यात

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. त्यातून प्रवासाचे तास काढायचे तर दोन्ही गावांमधील फरक माहीत हवा. लंडन आणि सिडनी यांत तो वर्षभर एकच राहत नाही. दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात, पण एकाचा उन्हाळा हा दुसऱ्याचा हिवाळा. म्हणून साधारण नोव्हेंबर ते मार्च फरक ११ तासांचा, एप्रिल ते सप्टेंबर ९ तासांचा, आणि मार्चअखेरीस तसेच ऑक्टोबरमध्ये काही आठवडे १० तासांचा असतो.

समजा, जानेवारीतल्या सोमवारी रात्री ९ वाजता लंडनहून निघालेले विमान सिंगापूरला थांबून बुधवारी सकाळी ६ वाजता सिडनीला पोहोचते. घड्याळात ३३ तास गेलेले दिसतात. त्यातून ११ वजा केले की प्रवास २२ तासांचा ठरतो. परतताना समजा सोमवारी दुपारी ४ ला सिडनीहून निघून मंगळवारी पहाटे साडेपाचला लंडनला पोहोचलात, तर घड्याळ साडेतेरा तास दाखवते. त्यात ११ मिळवावे लागतात आणि प्रवास साडेचोवीस तासांचा निघतो. जाताना अकरा वजा आणि येताना अकरा अधिक, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

एक अपूर्व योगायोग असा की, हिवाळ्यातील या अकरा तासांच्या बरोबर मध्यावर भारतीय वेळ येते. लंडन आपल्या साडेपाच तास मागे, सिडनी साडेपाच तास पुढे. एक मूल लंडनला आणि दुसरे सिडनीला असलेल्या पुण्यातील घरात दुपारी दीडला फोन लावला, तर तिकडे सकाळचे आठ आणि पलीकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. तिघांनाही सोयीची अशी दुसरी वेळ दिवसभरात फारशी सापडत नाही.

वेळापत्रकावर आणखी एक बंधन असते, त्याची कल्पना प्रवाशांना सहसा नसते. सिडनीच्या विमानतळावर १९९५ च्या कायद्यानुसार रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात, मोजके अपवाद वगळता, विमानांच्या ये-जा करण्यावर मनाई आहे. त्यामुळे अनुकूल वाऱ्याने विमान लवकर पोहोचले तरी लवकर उतरता येईलच असे नाही, आणि संध्याकाळी सुटण्यास फार उशीर झाला तर उड्डाण दुसऱ्या दिवसावर जाऊ शकते. पुढे जोडविमान पकडायचे असल्यास मध्ये निदान तीन तास मोकळे ठेवूनच आरक्षण करावे.